दाढेत पू झालाय, ठणका थांबलाय. मग आता काय?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही भांडुपला राहतो. बाबा 63 वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, 3 वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. डाव्या बाजूची खालची दाढ मंगळवारपासून ठणकत होती. मेडिकलमधून दोनदा गोळ्या आणल्या. दुखणं बरंच कमी झालं, पण कालपासून गाल सुजलाय. आज शनिवार, आमचे दातांचे डॉक्टर सोमवारीच भेटतील. शेजारच्या काकू म्हणतात, सूज उतरल्याशिवाय दाढ काढतच नाहीत. तोवर बाबांना कोणत्या गोळ्या देऊ?"

गोळ्यांकडे येतेच, पण आधी बाबांना ट्यूबलाइटखाली खुर्चीत बसवा आणि त्यांच्याकडे नीट बघा. तोंड उघडायला सांगा. वरच्या-खालच्या दातांमध्ये त्यांची स्वतःची दोन बोटं एकावर एक जातात का? जीभ पूर्ण बाहेर काढता येते का, की जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली गेलीय? हनुवटीखाली, गळ्याच्या वरच्या अंगाला हात लावून बघा. तिथे कडक, ताणलेलं लागतंय का? पाण्याचा घोट सहज गिळता येतो, की लाळ ओघळतेय? आवाज घोगरा, अडकल्यासारखा झालाय का? आडवं पडलं की गुदमरतं, म्हणून रात्रभर बसूनच काढली असं काही? थंडी वाजून ताप, ग्लानी, असंबद्ध बोलणं?

यातल्या एका जरी गोष्टीचं उत्तर मनाला पटलं नाही, तर सोमवारचा विचार सोडून द्या आणि आत्ता निघा. दातांच्या दवाखान्यात नाही, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. तुम्हाला भांडुपहून सायन जवळ पडेल. केईएम आणि नायरलाही चोवीस तास कॅज्युअल्टी असते. ट्रेनच्या भानगडीत पडू नका, टॅक्सी करा. श्वास लागत असेल तर 108 ला फोन करा. रुग्णवाहिकेत बाबांना बळजबरीने झोपवू देऊ नका, बसवूनच न्या.

एवढं का घाबरवतेय ते सांगते. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जबड्याच्या हाडात इतकी खोल असतात, की त्यांची टोकं तोंडाच्या तळाशी असलेल्या स्नायूच्या चिकटण्याच्या रेषेखाली जातात. त्यामुळे तिथला पू तोंडात फुटण्याऐवजी आतून जबड्याखाली, मानेकडे उतरतो. दोन्ही बाजूंना पसरला की तोंडाचा तळ सुजून जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1836 साली या आजाराचं वर्णन करून ठेवलंय आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अँटिबायोटिकं येण्यापूर्वी या आजाराने निम्म्याहून जास्त माणसं दगावत. आजही माणूस मरतो तो बहुधा पुवामुळे नाही, श्वास कोंडल्यामुळे. वरच्या सुळ्याचं वेगळं दुखणं आहे. तिथली सूज डोळ्याखाली येते, पापणी मिटते. ती वाढत असेल, डोळा हलवताना दुखत असेल किंवा दिसण्यात फरक पडला असेल, तर तीही कॅज्युअल्टीची केस.

हे सगळं ठीक असेल, सूज फक्त गालापुरती असेल, तोंड उघडत असेल, गिळता येत असेल, तर आजची रात्र घरी काढता येईल. पण तुमच्या बाबांच्या बाबतीत मी सोमवारची वाट बघायला सांगणार नाही. मधुमेह आहे, चेहऱ्यावर सूज आहे आणि ती कालपासून वाढलीय. मुंबईत रविवारी सकाळी उघडे असलेले दातांचे दवाखाने जवळपास प्रत्येक उपनगरात सापडतात. उद्या सकाळी दोन-चार फोन करा. नाहीच कुणी भेटलं तर कॅज्युअल्टी आहे. रात्री झोपण्यापूर्वी पेनने सुजेच्या कडेने गालावर रेघ मारून ठेवा. सकाळी सूज रेघेबाहेर गेली असेल तर फोनही करत बसू नका, सरळ निघा. आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर आत्ताच साखर बघा. पू झालेला असताना साखर चढते आणि चढलेल्या साखरेमुळे पू आटोक्यात येत नाही, असं ते चक्र असतं.

दुसरी बाजू कुणी सांगत नाही. दाढ दुखतेय म्हणून माणूस जेवत नाही, पण सकाळची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन मात्र न चुकता घेतो, आणि दुपारी घाम फुटून, हातपाय थरथरून साखर उतरते. चावता येत नसेल तर पेज, मऊ भात-वरण, पातळ खिचडी, ताक असं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. अगदीच काही जात नसेल तर त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करून डोस विचारून घ्या.

आता तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य: "दुखणं बरंच कमी झालं, पण गाल सुजलाय." यातला 'पण' काढून टाका. दुखणं कमी झालं आणि म्हणूनच गाल सुजला, असं बरेचदा असतं. दाताच्या आत जी नस आहे ती चहूबाजूंनी टणक भिंतींत कोंडलेली असते. कीड तिथवर पोचली की सूज यायला आत जागाच नसते, म्हणून तो जीवघेणा ठणका. थंड-गरम लागलं की कळ उठते, रात्री आडवं पडलं की वाढते, कारण डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. मग कधीतरी नस मरते आणि एक-दोन दिवस एकदम शांत वाटतं. पण मेलेल्या नसेत जंतू वाढत राहतात, मुळाच्या टोकातून बाहेर पडतात, तिथल्या हाडात पू साठतो. या टप्प्यावर दात 'उंच' लागतो, चावताना दुसरा दात त्याला टेकला तरी डोळ्यात पाणी येतं. पुढे पू हाडाला भोक पाडून बाहेरच्या मऊ भागात येतो. दाब मोकळा झाला म्हणून ठणका थांबतो आणि गाल फुगतो. पेशंट म्हणतो बरं वाटतंय; प्रत्यक्षात आजार एक घर पुढे गेलेला असतो.

कधी हा पू हिरडीवर बारीक पुटकुळी करून तिथून झिरपत राहतो. अशी पुटकुळी घेऊन लोक वर्षं काढतात, कारण दुखत नाही. माझ्याकडे डोंबिवलीहून एक तरुणी आली होती, हनुवटीवरची न बरी होणारी पुटकुळी घेऊन. तिने त्वचेची मलमं लावून झाली होती, चेहऱ्यावर डाग पडला होता. लहानपणी झोपाळ्यावरून पडून खालचा पुढचा दात आदळला होता, तो आतून केव्हाच मेला होता आणि त्याचा पू हनुवटीतून बाहेर येत होता. दाताचं रूट कॅनॉल केल्यावर पुटकुळी आपोआप बंद झाली.

यातून अँटिबायोटिकचा मुद्दा येतो. मेलेल्या नसेला रक्तपुरवठा नाही आणि गोळीतलं औषध रक्तातून जातं. म्हणजे जिथे जंतूंचं घर आहे तिथे औषध पोचतच नाही. आजूबाजूला पसरलेलं इन्फेक्शन ते थोपवतं, सूज उतरते, सगळे खूश होतात आणि पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा तेच. वरच्या मजल्यावरचा पाइप गळत असताना आपण खाली छताला रंग काढून घ्यावा, तसला प्रकार. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 साली स्पष्टच सांगितलं, की निरोगी मोठ्या माणसाला दातावर लगेच उपचार मिळणार असतील तर दातदुखीसाठी आणि मुळापाशी झालेल्या पुवासाठी बहुतेक वेळा अँटिबायोटिक द्यायची गरज नाही. ताप आला, सूज पसरली तर द्या. मी स्वतः त्याच मताची आहे. मात्र तुमच्या बाबांना सूज आहे, मधुमेह आहे. त्यांना अँटिबायोटिक लागेल असंच मला वाटतं. फक्त ते डॉक्टरने तपासून, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का विचारून, दाढेवरच्या उपचाराच्या जोडीला द्यायचं. उपचाराऐवजी नाही.

मेडिकलमधून आणलेल्या त्या गोळ्या आता टेबलावर काढा. आपल्याकडे काउंटरवर 'दातदुखीचा डोस' मागितला की पट्टी कापून तीन-चार सुट्या गोळ्या छोट्या पाकिटात मिळतात. कापलेल्या पट्टीवर नाव अर्धं, घटक गायब. त्यात बहुतेक वेळा एक दुखण्याची गोळी असते, एक ॲसिडिटीची आणि एक अँटिबायोटिक. पट्टीच्या पाठीमागे उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. पुष्कळदा मला ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही जुलाबाला देतात ती गोळी दातासाठी दिलेली दिसते. तोंडातल्या जंतूंसाठी ती पहिल्या पसंतीची नाही. शिवाय ऑफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेतली तर साखर अचानक खाली-वर करू शकतात. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद, आणि वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्याला ते स्वतःहून कधीच देऊ नका, रक्त प्रमाणाबाहेर पातळ होतं. काय-काय पोटात गेलंय ते पाकिटासकट डॉक्टरला दाखवा. "लाल-पांढरी कॅप्सूल होती" एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही.

आणि दुखण्याची गोळी. बाबांसाठी मी फक्त पॅरासिटामॉल देईन: 650 मिलिग्रॅमची एक गोळी, दर 6 तासांनी, दिवसाला 4 च्या वर नाही. दारूची सवय असेल किंवा यकृताचा काही त्रास असेल तर त्याहून कमी, डॉक्टरला विचारून. ठणका उठायची वाट न बघता घड्याळ लावून दिली तर तीच गोळी जास्त चांगलं काम करते.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, केटोरोलॅक, नायमेसुलाइड, नेप्रोक्सेन, ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. हृदयाचा पेशंट, स्टेंट, वय साठीपुढे, मधुमेहामुळे मूत्रपिंडावर आधीच ताण आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू: अशा माणसाला ही औषधं हृदयरोगतज्ज्ञाला न विचारता द्यायची नाहीत. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब चढतो, मूत्रपिंड रुसतं. आयब्युप्रोफेन तर रोजच्या छोट्या ॲस्पिरिनच्या कामातच आडवं येतं. रक्तदाबाची गोळी आणि लघवी होण्याची गोळी सोबत चालू असेल तर धोका आणखी वाढतो. मेडिकलवाल्याने दिलेल्यांत यांतली एखादी असण्याची शक्यता दाट आहे. असेल तर पुढची देऊ नका. काळी, डांबरासारखी शौचाला झाली, लघवी कमी झाली, पायांवर सूज आली, तर डॉक्टरला कळवा.

हेच वाचणारा कुणी तिशीतला धडधाकट माणूस असेल, पोटात अल्सर नाही, दमा नाही, मूत्रपिंड ठीक, तर त्याच्यासाठी हिशेब वेगळा. दातदुखीवर आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 500 ते 650 एकत्र, पोटात काही असताना, 6 ते 8 तासांच्या अंतराने. ही जोडी भल्याभल्या 'स्ट्राँग' गोळ्यांच्या तोडीची आहे. आयब्युप्रोफेन दिवसाला 1200 च्या वर, म्हणजे 400 च्या तीनपेक्षा जास्त गोळ्या, डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. लोक फसतात ते दुप्पट मोजण्यात. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन 400 सोबत पॅरासिटामॉल 325 आधीच आहे. त्यावर कुणी डोलो 650 घेतो, तेही पॅरासिटामॉलच, रात्री सर्दीची गोळी घेतो, तिच्यातही पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून 4 ग्रॅम ही टोकाची मर्यादा आहे आणि मी पेशंटला 3 च्या आतच राहायला सांगते. पॅरासिटामॉलचा जास्त डोस लगेच कळत नाही. पहिला दिवस काही वाटत नाही, थोडी मळमळ, आणि यकृत बिघडल्याचं दोन-तीन दिवसांनी लक्षात येतं. डोस नक्की जास्त झालाय असं कळलं तर उलटीची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, तेव्हा उतारा देता येतो.

केटोरोलॅकची ती पाण्यात विरघळणारी गोळी मुंबईत फार लोकप्रिय आहे, कारण ती झटकन काम करते. 10 मिलिग्रॅमच्या दिवसाला जास्तीत जास्त 4 आणि एकूण 5 दिवसांपलीकडे नाही, आणि सोबत दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी नाही. हे पाकिटावर लिहून कुणी देत नाही. सूज उतरवणारी म्हणून जी सेराटिओपेप्टिडेज जोडून देतात, तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. पू ती नक्कीच काढत नाही.

लहान मुलांना फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनावर: किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, 4 ते 6 तासांच्या अंतराने. सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, 5 मिलिलिटरमध्ये कुणात 120, कुणात 250 मिलिग्रॅम. "मागच्या वेळी एक चमचा दिला होता" यावर जाऊ नका, लेबल वाचा. ॲस्पिरिन मुलांना नाही. नायमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात 2011 पासून बंद आहे, तरी घरात उरलेली बाटली कुठेतरी असतेच. गरोदर बाईला पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेनच्या गटातली औषधं पाचव्या महिन्यानंतर टाळायची, शेवटच्या तीन महिन्यांत तर अजिबात नको. आणि गरोदरपणात दातावर उपचार करता येत नाहीत हा निव्वळ गैरसमज आहे. पू घेऊन नऊ महिने काढणं जास्त धोक्याचं.

पावसाळा चालू आहे म्हणून आणखी एक. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत मुंबईत दाढ दुखतेय आणि ताप आहे, म्हणजे ताप दाढेचाच असं धरून चालू नका. गालावर सूज नाही, पण अंग मोडून येतंय, डोळ्यांमागे दुखतंय, तर डेंग्यूही असू शकतो, आणि डेंग्यूत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिरडीतून अचानक रक्त यायला लागलं म्हणून आमच्याकडे आलेल्या पेशंटची आम्ही आधी प्लेटलेट बघायला सांगतो, ते उगाच नाही. रक्ततपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलवर भागवा.

घरगुती उपायांबद्दल मी कडक नाही. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा, दिवसातून चार-पाच वेळा. दातात अडकलेलं निघतं, बरं वाटतं. लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसाच्या बारीक बोळ्यावर घेऊन किडलेल्या खड्ड्यात ठेवला तर नस जिवंत असेपर्यंत थोडा आराम पडतो. बाटली हिरडीवर ओतली तर हिरडी भाजते. नस मेली असेल तर तुमच्या बाबांना त्याचा उपयोग शून्य. बाहेरून बर्फ कपड्यात गुंडाळून 10-15 मिनिटं धरा. रात्री दोन उशा घ्या. चुकते कुठे, तर गरम पाण्याच्या पिशवीने गाल शेकण्यात, ॲस्पिरिनची गोळी हिरडीत दाबून ठेवण्यात (तिथली कातडी पांढरी होऊन सोलवटते, मग दोन दुखणी होतात), मशेरी किंवा तंबाखू दाढेत दाबण्यात, दारूचा बोळा धरण्यात, आणि सुई तापवून हिरडीवरचा फोड फोडण्यात. यातलं काहीही करू नका. गळू पिकावं म्हणून बाहेरून लेप तर नकोच. पू गालाच्या कातडीतून फुटला की आयुष्यभराचा व्रण राहतो.

आता काकूंचं म्हणणं. सूज उतरल्याशिवाय दाढ काढत नाहीत, हे त्यांना कुठल्यातरी जुन्या डॉक्टरांनी सांगितलंही असेल, पूर्वी तशी पद्धत होती. आज आम्ही उलटं करतो. पुवाला वाट करून देणं हाच मुख्य उपचार, आणि तो जितका लवकर तितकी सूज लवकर उतरते. अपवाद आहेत: तोंडच उघडत नसेल किंवा सूज मानेकडे उतरली असेल, तर ते काम खुर्चीवर नाही, हॉस्पिटलमध्ये. थांबायला सांगण्यामागे एक खरी अडचण मात्र आहे, ती भुलीची. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे भुलीचं औषध नीट काम करत नाही. म्हणून आम्ही इंजेक्शन पुवाच्या जागेपासून दूर, जबड्याच्या मागच्या बाजूला मुख्य नसेपाशी देतो. तरीही पहिल्या इंजेक्शनात पूर्ण बधिर होईलच असं नाही. बाबांनी हात वर केला तर डॉक्टरने थांबून आणखी भूल द्यायला हवी. "थोडं सहन करा काका" म्हणणाऱ्याला तुम्ही सांगा, आधी पुन्हा भूल द्या.

प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, म्हणजे बाबांची भीती कमी होईल. आधी एक्स-रे. मग दातावर हलकं ठोकून, थंड लावून कुठला दात आणि त्याची नस जिवंत आहे की मेलेली ते ठरवतात. दाढ वाचवण्यासारखी असेल तर वरून भोक पाडून नसेची पोकळी उघडतात. त्या पोकळीचं छत फुटतं त्या क्षणी कधीकधी पिवळसर पू, मागोमाग रक्ताळलेलं पाणी स्वतःहून वर येतं, वास सुटतो, आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेल्या माणसाची मूठ सैल होते. चार गोळ्यांनी न झालेलं काम तेवढ्याने होतं. आतून धुऊन, औषध भरून दात तात्पुरता बंद करतात. पुढच्या भेटींत रूट कॅनॉल पूर्ण करायचं आणि वर कॅप. ठणका गेला म्हणून तात्पुरत्या सिमेंटवर सहा महिने काढणारे पेशंट मला दर आठवड्याला भेटतात, दाढ उभी चिरल्यावर. गालाच्या आतल्या बाजूने सूज मऊ लागत असेल तर तिथे छोटा चिरा देऊन पू काढतात. दाढेत काही उरलंच नसेल तर काढून टाकतात. काढणं हे हरणं नाही. निम्मी तुटलेली, हाड सोडलेली दाढ मधुमेही माणसाने पैसे घालून राखण्यात अर्थ नसतो.

मधुमेहात आणखी एक शक्यता असते: पू मुळाच्या टोकाचा नसून हिरडीच्या खिशातला. दाढ किडलेली दिसत नाही, पण हलते, आणि हिरडी दाबली की दाताच्या कडेने पू येतो. तिथे रूट कॅनॉल करून काही मिळत नाही, खिसा साफ करावा लागतो. म्हणून "रूट कॅनॉल करायचंच" असं फोनवर कुणी सांगितलं तर आधी तपासायला सांगा.

रक्त पातळ ठेवायची गोळी दाढ काढण्यासाठी परस्पर बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसाने ती मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि दाढेतल्या रक्तस्रावापेक्षा ते शंभरपट वाईट. एक दाढ काढायची तर टाके घालून, औषधी स्पंज भरून, कापूस दाबून रक्त थांबवता येतं. गोळी वॉरफेरिन असेल तर रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या आयएनआर तपासणीचा अलीकडचा रिपोर्ट बरोबर न्या. वरची दाढ काढली की डोळा जातो ही भीतीही बाबांच्या मनात असेल. त्यांची दाढ तर खालची आहे, पण वरचीही असती तरी दात काढल्याने नजर जात नाही. तिथला पू तसाच ठेवला तर डोळ्याला धोका असतो, तो वेगळा.

खर्चाची काळजी असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. दोन्हीकडे खाजगीच्या मानाने अगदी थोडक्या पैशांत काम होतं, पण ओपीडी कामाच्या दिवशी सकाळची. केस पेपर काढायला लवकर जा. आणि चेहऱ्यावर सूज आहे, मधुमेह आहे, हे रांगेतल्या कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच सांगा, अशा पेशंटला पुढे घेतात. विद्यार्थी हात लावणार म्हणून घाबरू नका, मागे शिक्षक उभे असतात.

दाढ काढलीच तर कापूस अर्धा-पाऊण तास न बोलता दाबून धरायचा. त्या दिवशी गुळण्या नाहीत, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही, बिडी-सिगारेट-तंबाखू नाही. जमलेली गुठळी निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. तेव्हा पुन्हा अँटिबायोटिक न मागता दवाखान्यात येऊन जखमेत औषध भरून घ्या. उपचारानंतर 48 तासांत सूज उतरायला लागली नाही किंवा ताप चढला, तरी परत दाखवा.

उद्या निघताना बाबांना नाश्ता देऊन, मधुमेहाची आणि हृदयाची रोजची औषधं नेहमीच्या वेळी देऊनच बाहेर पडा. उपाशीपोटी खुर्चीत चक्कर येते. सोबत हृदयाची फाइल, चालू औषधांच्या पूर्ण पट्ट्या, मेडिकलमधलं ते पाकीट, आज रात्रीचं साखरेचं रीडिंग आणि शेवटचं पॅरासिटामॉल किती वाजता दिलं ते कागदावर लिहून न्या.